थर्माकोलचा डीएनए पुरे, आता खरा काढा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जैवतंत्रज्ञानाचं टेबल ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. तारेत ओवलेले रंगीत मणी, पीळ दिलेली शिडी आणि शेजारी जाड अक्षरात ‘डीएनए’. 2018 च्या बंदीत थर्माकोलवर गदा आली, त्याच्या जागी फोमशीट आलं, पण शिडी तीच राहिली. मुलं माहिती घडाघडा म्हणून दाखवतात. मात्र ‘हा डीएनए केळ्यातून बाहेर काढायचा झाला तर कसा काढाल?’ असं विचारलं की नजर मागे उभ्या असलेल्या आईबाबांकडे वळते. शिडी बहुतेक वेळा त्यांनीच केलेली असते.

खरं तर डीएनए काढायचा खर्च ती शिडी करण्यापेक्षा कमी आहे.

जैवतंत्रज्ञान म्हणजे सजीवांकडून किंवा त्यांच्यातल्या एखाद्या घटकाकडून आपल्याला हवं ते काम करून घेणं. दुधाला विरजण लावणं यात बसतं. जिवाणूंमध्ये माणसाचं जनुक घालून त्यांच्याकडून इन्सुलिन बनवून घेणंही यातच बसतं (असं इन्सुलिन 1982 पासून औषध म्हणून मिळतंय). दुसऱ्या टोकाचं काम शाळेत होणार नाही. पहिल्या टोकापासून निघून मधल्या बऱ्याच टप्प्यांपर्यंत मात्र आठवी-नववीची मुलं आरामात पोचतात.

त्यासाठी एक गोष्ट आधी पक्की हवी. काहीतरी करून दाखवणं म्हणजे प्रकल्प नव्हे, एखादा प्रश्न तपासणं म्हणजे प्रकल्प. ‘केळ्यातून डीएनए काढला’ हे झालं करून दाखवणं. ‘सारख्याच वजनाच्या केळ्यातून आणि फ्लॉवरमधून काढला तर कशातून जास्त मिळतो?’ हा झाला प्रश्न. आणि प्रश्न आला की कंट्रोल आलाच. कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला असा नमुना, ज्यात बाकी सगळं तसंच असतं, फक्त आपण तपासत असलेली एक गोष्ट नसते. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत कृती संशोधन प्रकल्प असतो, त्यातही परीक्षक नेमकं हेच शोधत असतात. कंट्रोल नसलेला प्रकल्प कितीही देखणा असला तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

डीएनए: साबण, मीठ आणि थंड अल्कोहोल

पिकलेलं केळं अर्धं घ्या आणि पिशवीत घालून चेचा. कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड मिसळा, त्यात हा लगदा घाला आणि हलक्या हाताने ढवळा. फेस येऊ द्यायचा नाही. मिश्रणाचं भांडं साधारण 60 अंश तापलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग सुती कापडातून गाळा. खाली जमलेलं पाणी काचेच्या अरुंद ग्लासात घ्या. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आदल्या रात्रीच नीट बंद करून फ्रीजमध्ये ठेवलेलं असावं. ते ग्लासच्या कडेने, धार न पडता, जवळजवळ तेवढंच ओता. अल्कोहोल वर तरंगतं आणि दोन्हींच्या सीमेवर पांढरट धागे वर चढू लागतात. काडीने ते गुंडाळूनही घेता येतात. आजूबाजूला गॅस किंवा मेणबत्ती पेटलेली नको, हे वेगळं सांगायला नको.

आता यातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण पाहू, कारण तोंडी परीक्षेत विचारतात ते हेच. पेशीचं आणि तिच्या केंद्रकाचं आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थांचं असतं. तेलकट तवा ज्या साबणाने निघतो त्याच साबणाने हे आवरणही सुटतं आणि आतला डीएनए पाण्यात येतो. डीएनएच्या कण्यावर फॉस्फेटचे ऋण प्रभार असतात, त्यामुळे त्याचे धागे एकमेकांना दूर ढकलतात आणि तो पाण्यात छान विरघळून राहतो. मिठातले सोडियमचे धन आयन या प्रभारांना झाकतात. त्यात अल्कोहोल आलं की डीएनएला विरघळून राहणं जमत नाही आणि तो गोळा होऊन बाहेर पडतो. आधीची उष्णता आणि नंतरची थंडी या दोन्हींचं एक समान काम आहे: डीएनएचे तुकडे करणारी पेशीतलीच विकरं, म्हणजे एन्झाइम्स, आटोक्यात ठेवणं.

डीएनएचा एक धागा जेमतेम 2 नॅनोमीटर जाडीचा असतो, तो डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. ग्लासात दिसतो तो असंख्य रेणूंचा गुंता. आणि इथेच बहुतेक प्रकल्प फसतात, कारण त्या गुंत्यात सगळा डीएनए नसतो. डीएनएचा भाऊबंद आरएनए असतो, प्रथिनं असतात, आणि फळ असेल तर पेक्टिन असतं, ज्याच्यामुळे जॅम घट्ट होतो. पेक्टिनही अल्कोहोलमध्ये असंच पांढरं वर येतं. म्हणजे आठवीतल्या एखाद्या मुलीने अभिमानाने बाटलीत ठेवलेला ‘डीएनए’ मोठ्या प्रमाणात पेक्टिन असू शकतो.

मग हे कळणार कसं? त्यासाठी कंट्रोल. एकाच लगद्याचे दोन भाग करा. एकात साबण घाला, दुसऱ्यात नुसतं मीठ-पाणी, बाकी कृती सारखी. बिनसाबणाच्या ग्लासातही तेवढाच पांढरा ढग आला तर आपल्या साबणाने फारसं काही केलेलं नाही आणि समोर आहे त्यात पेक्टिनचाच भरणा असावा. पेक्टिन बहुधा बुडबुडे अडकलेल्या जेलीसारखं तरंगतं, डीएनए काडीला तंतूंसारखा चिकटतो. पण नुसत्या दिसण्यावर विसंबण्यापेक्षा दोन ग्लासांतला फरक जास्त बोलका असतो.

माझं मत विचाराल तर केळं सोडा आणि फ्लॉवर घ्या. फ्लॉवरच्या तुऱ्यावरचा बारीक दाणेदार थर सुरीने खरवडून काढता येतो. तिथल्या पेशी सतत विभागत असलेल्या, लहान आणि दाटीवाटीच्या असतात. प्रत्येक पेशीला एक केंद्रक, म्हणून तेवढ्याच वजनात केंद्रकं जास्त आणि डीएनएही जास्त. केळ्याच्या गराच्या पेशी मोठ्या, पाण्याने आणि पिठूळ साठ्याने भरलेल्या. हे बरोबर आहे का ते तपासायचं तर निघालेले धागे आधी वजन केलेल्या गाळण कागदावर पूर्ण वाळवा आणि शाळेच्या नाजूक तराजूवर पुन्हा वजन करा. ओल्या गोळ्याचं वजन घेऊ नका, त्यात निम्म्याहून जास्त पाणी आणि अल्कोहोलच असेल.

डीएनए पहिल्यांदा वेगळा केला तो फ्रीडरिश मीशर या तरुण स्विस डॉक्टरने, 1869 मध्ये, जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या किल्ल्यात. त्याची प्रयोगशाळा म्हणजे त्या किल्ल्याचं जुनं स्वयंपाकघर होतं आणि कच्चा माल होता इस्पितळातून येणाऱ्या पुवाने भरलेल्या पट्ट्या. पुवात पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांची केंद्रकं मोठी असतात, म्हणून. फ्लॉवर निवडण्यामागचं तर्कशास्त्र अगदी हेच आहे.

मिरचीच्या देठाचं विरजण

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो: विरजण नसेल तर कोमट दुधात मिरचीचे देठ टाका, दही लागतं. काहीजणांचं लागतंही. पण ते कशामुळे? देठावर बसलेल्या जिवाणूंमुळे, की मिरचीतल्या एखाद्या रसायनामुळे? मला हा शालेय प्रकल्पासाठी मिळणारा सर्वांत चांगला प्रश्न वाटतो, कारण त्याचं उत्तर पुस्तकातून उतरवून काढता येत नाही.

दूध उकळून 40 अंशांपर्यंत निववा आणि सारख्या आकाराच्या, उकळून घेतलेल्या बाटल्यांत सारखं भरा. एकात काहीच घालू नका. एकात नेहमीचं विरजण. एकात मिरचीचे धुतलेले देठ. आणि चौथ्या बाटलीत तेवढेच देठ, पण आधी वीस मिनिटं पाण्यात उकळून. चौथी बाटली महत्त्वाची. उकळल्याने जिवाणू मरतात, पण उष्णतेत टिकणारी रसायनं देठात शिल्लक राहतात. तिसरी लागली आणि चौथी नाही, तर पारडं जिवाणूंकडे झुकतं. चौथीही लागली तर गंमत वाढते: रसायन आहे, की उकळूनही टिकणारे काही जिवाणू आहेत, की मुळात दुधातच काही होतं? शेवटच्या शंकेचं उत्तर पहिल्या, नुसत्या दुधाच्या बाटलीत सापडेल. प्रत्येक प्रकारच्या किमान तीन बाटल्या हव्यात, कारण एका बाटलीवरून काढलेल्या निष्कर्षाला किंमत नसते.

‘लागलं’ आणि ‘नाही लागलं’ एवढ्यावर थांबू नका, आकडा मिळवा. ताज्या दुधाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आम्ल जितकं जास्त तितका आकडा कमी), 6.6 च्या आसपास असतो. जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करत जातात तसा तो उतरतो आणि 4.6 च्या जवळ केसीन नावाचं प्रथिन साकळतं, तेच आपलं दही. पीएचच्या कागदाने दर दोन तासांनी नोंद घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत अनुमापन, म्हणजे टायट्रेशन, करता येत असेल तर फारच उत्तम: फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक घालून 0.1 नॉर्मल कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडा, गुलाबी रंग टिकेपर्यंत जितके मिलिलिटर लागले त्याला 0.009 ने गुणा, तितके ग्रॅम लॅक्टिक आम्ल. हा आलेख काढलेला तक्ता टेबलावर असला की परीक्षक खुर्ची ओढून बसतात.

बाटल्या उबदार ठेवायला इन्क्युबेटर नसतो, तेव्हा औषधांच्या दुकानातून लस येते ती थर्माकोलची पेटी मागून आणा. आत गरम पाण्याच्या बाटल्या आणि एक तापमापी ठेवा. थर्माकोलचा विज्ञान प्रदर्शनातला सगळ्यात चांगला उपयोग हाच. देठांच्या बाटल्यांतलं दही चाखायचं नाही, कारण त्यात नेमकं कोण वाढलंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

यीस्टला दूध पचत नाही

पावाचं यीस्ट साध्या साखरेवर जोरात गॅस सोडतं, हा फुग्याचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. तोच एक पायरी पुढे न्या. साखरेऐवजी दूध द्या. फुगा जवळजवळ मान टाकतो. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करणारं लॅक्टेज हे विकर या यीस्टकडे नाही. बऱ्याच मोठ्या माणसांनाही दूध पिऊन पोट फुगण्याचा त्रास होतो, तो हेच विकर कमी पडल्यामुळे.

तान्ह्या बाळांच्या पोटदुखीसाठी औषधाच्या दुकानात लॅक्टेजचे थेंब मिळतात. ते उकळून निवलेल्या कोमट दुधात घालून तासभर ठेवा आणि मग यीस्ट घाला. आता गॅस यायला हवा. इथला कंट्रोल म्हणजे आधी उकळलेले थेंब, कारण विकर हे प्रथिन असतं आणि उकळल्यावर त्याची घडी मोडते. गॅस मोजायला फुग्यापेक्षा बाटलीच्या बुचातून काढलेली नळी आणि पाण्यात उपडं धरलेलं मोजपात्र बरं. लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या आणल्या तर दुधात ग्लुकोज तयार झालं की नाही हे थेट रंगावरून कळतं. त्या पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं आणखी एक विकर बसवलेलं असतं, म्हणजे विकराची तपासणी विकरानेच.

यातला खरा उद्योगी भाग पुढे आहे. थेंब महाग असतात आणि दुधात मिसळले की परत मिळत नाहीत. मग विकराला कोंडून ठेवता आलं तर? सोडियम अल्जिनेट हा तपकिरी समुद्री शेवाळांपासून मिळणारा पदार्थ आहे. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर सरगॅसम नावाचं शेवाळ दिसतं, त्यातही तो असतो. 100 मिली पाण्यात 2 ग्रॅम अल्जिनेट थोडं थोडं भुरभुरवून विरघळवा. गुठळ्या होतातच, रात्रभर ठेवलं की विरतात. त्यात लॅक्टेज मिसळा आणि बिनसुईच्या सिरिंजमधून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या 2 टक्के द्रावणात सोडा. पडता क्षणी थेंबाचा गोल, लवचिक मणी होतो, कारण कॅल्शियममुळे अल्जिनेटच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. मणी गाळून धुवा, सिरिंजच्याच नळीत भरा आणि वरून दूध सोडा. खाली आलेल्या दुधाला पट्टी लावा. तेच मणी किती वेळा वापरता येतात, दर फेरीला रंग कितीने फिका होतो, मणी लहान केले तर काय फरक पडतो, हे सगळे प्रश्न विचारण्यासारखे आहेत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला केळीचे कोंब अशाच अल्जिनेटच्या गोळ्यांत बंद करून ‘कृत्रिम बिया’ केल्या होत्या, ही माहिती जळगाव-नांदेडकडच्या मुलांनी नोंदवहीत जरूर लिहावी.

शेत जवळ असेल तर गाठी मोजा

गावातल्या शाळांनी शहरी प्रकल्पांची नक्कल का करावी, हे मला कळत नाही. त्यांच्या हाताशी जास्त चांगलं साहित्य आहे. मूग, हरभरा, सोयाबीन, भुईमूग यांच्या मुळांवर रायझोबियम जिवाणूंच्या गाठी असतात आणि ते हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. राहुरी, परभणी, अकोला इथल्या कृषी विद्यापीठांची जिवाणू खतं मिळतात. शेतकरी 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळतात आणि बी सावलीत सुकवतात. मूठभर बियाण्याला चिमूटभर पुरतं.

प्रयोगात खड्डा एकच आहे, पण मोठा. शेतातल्या मातीत हे जिवाणू आधीच असतात, त्यामुळे खत न लावलेल्या कुंडीतही गाठी येतात आणि मुलं हिरमुसतात. म्हणून नदीची वाळू धुऊन, कुकरमध्ये वाफवून वापरायची. काही कुंड्यांत बिनखताचं बी, काहींत खत लावलेलं, आणि काहींत खत लावलेलं बी अधिक थोडा युरिया. तिसरा गट मजेचा आहे: नत्र आयता मिळाला की झाड जिवाणूंना पोसायचं टाळतं आणि गाठी कमी धरतात. साधारण महिन्याने रोप उपटू नका. कुंडी बादलीभर पाण्यात बुडवून वाळू सोडवा आणि गाठी मोजा.

मोजल्यावर ब्लेडने गाठ कापून पाहा. काम करणारी गाठ आत गुलाबी-लाल असते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच नातेवाईक, लेगहिमोग्लोबिन, तिथे असतो. नत्र बांधणारं विकर ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून गाठीत ऑक्सिजन बेताचाच राहील अशी व्यवस्था तो ठेवतो. गाठ आत पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती असून नसल्यासारखी. त्यामुळे नुसत्या गाठी मोजून भागत नाही, गुलाबी किती तेही लिहावं लागतं. पुढचा प्रश्न हवा असेल तर सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला लावून पाहा. पिकांच्या प्रत्येक गटाचा जिवाणू वेगळा असतो, पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं ते उगाच नाही.

पेट्री डिशबद्दल दोन कडक शब्द

‘हातावर किती जंतू?’ या प्रकल्पाची मोठी हौस असते: पेट्री डिश, म्हणजे झाकणाची चपटी पारदर्शक बशी, तिच्यात आगरची जेली आणि जेलीवर वाढवलेले जंतू. किराणा दुकानात मिळणारं चायनाग्रास म्हणजेच आगर. ते प्रयोगशाळेत पोचलं 1881 च्या सुमारास, जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांच्या सूचनेवरून. तोवर वापरलं जाणारं जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं, फॅनीबाईंची जेली मात्र घट्ट राहायची. गोष्ट सुरेख आहे, पण घरी नाकातले, घशातले किंवा जखमेतले जंतू वाढवू नका. एक जंतू निरुपद्रवी असेल, त्याच्या कोटी प्रतींबद्दल तसं म्हणता येत नाही. डिश चिकटपट्टीने बंद करून बाहेरूनच बघायची आणि शेवटी न उघडता शिक्षकांच्या देखरेखीखाली कुकरमध्ये वाफवून मगच टाकायची. लसूण किंवा हळद जंतू रोखते का हे पाहायचं असेल तर डिशमध्ये पावाचं यीस्ट पसरा. ओळखीचं आहे, सुरक्षित आहे आणि निकालही स्पष्ट दिसतो.

जनुक बदललेले जिवाणू घरी किंवा शाळेत मनाने वाढवता येत नाहीत. भारतात त्याला 1989 चे नियम लागू आहेत आणि संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. जनुकबदलाचा परिणाम पाहायला मात्र विदर्भातल्या मुलांना बांधापर्यंतच जावं लागतं. बीटी कापसाला, म्हणजे एका जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला, 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि त्याच्या पानात बोंडअळीला मारणारं प्रथिन असतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ते ओळखणारे संच तयार केले. पानाचा तुकडा पुरवलेल्या द्रावणात चुरडायचा, पट्टी बुडवायची, दोन रेघा म्हणजे प्रथिन आहे, एक म्हणजे नाही. करोनाच्या काळात घरोघरी वापरलेल्या अँटिजेन पट्टीचं तत्त्वही हेच. अळ्यांमध्ये प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून बीटीच्या पाकिटाबरोबर कडेला लावायला वेगळं बिगर-बीटी बियाणं देण्याची पद्धत होती, आता ते बीटी बियाण्यातच मिसळून देतात. ते खरोखरच मिसळलेलं असतं का, आणि किती? पट्ट्या स्वस्त नसतात, तेव्हा कुठल्या ओळीतली कितवी झाडं तपासायची हे शेतात पाऊल टाकायच्या आधी चिठ्ठ्या काढून ठरवा आणि ती यादी नोंदवहीच्या पहिल्याच पानावर चिकटवा.